पुढचा चौकोन

२ जानेवारी, मंगळवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक उशी (परक्या उशीवर मला झोप लागत नाही) आणि ही रोजनिशी. रोजनिशी दादाने दिली. नवीन गाव, नवीन नोकरी, नवीन वर्ष, तेव्हा रोज एक पान लिही, म्हणजे तुझी बडबड कागदावर जाईल आणि माझे कान सुटतील, असं म्हणाला. मला डॉक्टर होऊन चौदा वर्षं झाली तरी तो मला वकीलबाईच म्हणतो, कारण लहानपणी मी प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचे. आईबाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तो एकोणीसचा. त्यानेच मला वाढवलं. माझ्या गणिताच्या वह्याही तोच तपासायचा. पुस्तकाच्या मागे बघून मी आधी उत्तर लिहायचे आणि मग त्याला जुळेल असं गणित वर रचायचे. दर वेळी पकडली जायचे. अभ्यास करता करता पेंगायला लागले, की तो येऊन माझी पेन्सिल दोन बोटांनी अलगद ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, उरलेलं उद्या.

हॉस्पिटल टेकडीवर आहे, फक्त छातीच्या आजारांचं. व्हरांडे इतके रुंद, की पूर्वी पेशंटचे पलंगच उन्हात आणून ठेवत म्हणे. मागच्या बाजूला माझं क्वार्टर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दाराची कडी सैल आहे, नळ गळतो, पण ऊन भरपूर. सर्जन एकच, त्यांना सगळे साहेब म्हणतात. अगडबंब माणूस, हात मात्र लहान मुलीसारखे. थिएटर सांभाळतात त्या मोठ्या सिस्टर. लहान सिस्टर कुठे असतात, असं मी विचारलं. त्या हसल्या नाहीत. भूल देणारी मी एकटीच.

एक गंमत. भुलीच्या मशीनला बँडेजच्या पट्टीने एक पेन बांधून ठेवलंय, आणि वर पाटी आहे: आधी बघायचं, मग बोलायचं, मग लिहायचं. बालवाडीत आल्यासारखं वाटलं. मोठ्या सिस्टरांनी ती पाटी मला तीनदा वाचायला लावली.

६ जानेवारी, शनिवार

पहिली केस सुखरूप पार पडली. पेशंट सत्तरीचे, फुप्फुसात गाठ, शिवाय हृदय कमकुवत. इथे बहुतेक असेच येतात. ज्यांना बाकीच्यांनी नको म्हटलं, ते टेकडी चढतात.

लोकांना वाटतं, भूल म्हणजे एक इंजेक्शन, मग डॉक्टर चहा प्यायला मोकळा. दादालाही तसंच वाटायचं. त्याला दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट बसले, तेव्हा मी त्याला सगळं कागदावर काढून समजावलं होतं. छातीचं ऑपरेशन करताना घशातून दोन तोंडांची नळी घालायची, एका बाजूचं फुप्फुस मिटवायचं आणि माणसाला दुसऱ्या एकट्यावर चालवायचं. धडधाकट माणसालाही ते जड जातं. हृदय दुबळं असेल तर सगळी कसरतच. रक्तदाब पडता कामा नये, सलाईन जास्त होता कामा नये, आणि सगळ्यात महत्त्वाचं, हृदय धावता कामा नये. कारण हृदय स्वतः जेवतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. धावायला लागलं की उपाशी राहतं. दादाला हे फार आवडलं होतं. मी घाईघाईत बोलायला लागले, की तो म्हणतो, हळू, तुझं हृदय उपाशी राहील.

तर म्हणून दर पाच मिनिटांनी नाडी आणि बाकीचे आकडे तक्त्यात लिहायचे. तक्त्याला अठ्ठेचाळीस चौकोन, म्हणजे चार तास. इतर ठिकाणी पेशंट स्थिर असला, की आम्ही पुढचे दोन-तीन चौकोन आधीच भरून टाकतो. सगळेच टाकतात, कबूल कोणी करत नाही. आज मीही सवयीने पेन पुढच्या चौकोनावर टेकवलं, तर मोठ्या सिस्टरांनी माझं मनगट पकडलं. चक्क पकडलं! ऑपरेशन संपेपर्यंत त्या मॉनिटर बघून आकडा मोठ्याने म्हणत होत्या, मी परत म्हणत होते आणि मग लिहीत होते. ही बाई माझ्या शाळेत असती तर मी गणितात पहिली आले असते.

१४ जानेवारी, रविवार

थिएटरच्या मागे एक लहान खोली आहे. तिथे माझ्या आधीचे भूलतज्ज्ञ बसतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी रोज येतात आणि कोऱ्या तक्त्यांमध्ये आकडे भरत राहतात. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, त्यांचं डोकं आता ठिकाणावर नाही, पण फार मोठा माणूस, म्हणून कोणी उठवत नाही. पाटीही त्यांनीच लावलेली.

मला ते वेडे वाटले नाहीत. दमलेले वाटले. डोळ्यांखाली काळं, मनगटाला पट्टा, उजव्या तर्जनीला घट्टा. त्यांनी मला एकच विचारलं, तू आधी लिहीत नाहीस ना? मी म्हटलं, सिस्टर लिहू देतील तर ना. ते समाधानाने हसले.

त्यांच्या बायकोशी माझी लगेच गट्टी जमली. काकू रोज डबा घेऊन येतात. साठीच्या पुढच्या, एक फुप्फुस काढलेलं, हृदयाचं पंपिंग निम्म्याहून कमी. नऊ वर्षांपूर्वी इथेच ऑपरेशन झालं, भूल मास्तरांनीच दिली. आज त्या तीन मजले चढून आल्या आणि मला धाप लागली तरी त्यांना नाही! मी गमतीने त्यांची नाडी मोजली. बहात्तर. माझी एकशे आठ. काकू म्हणाल्या, माझी नेहमीच बहात्तर असते गं, आणि हात काढून घेतला. काकू स्वभावाने हसऱ्या आहेत, पण तेव्हा हसल्या नाहीत.

२३ जानेवारी, मंगळवार

दादाच्या फुप्फुसात डाग निघाला. उजव्या बाजूला, खाली. वहिनीने फोन केला आणि तिला बोलताच येईना, मग तोच बोलला. खोकला जात नव्हता म्हणून छातीचा फोटो काढला. तपासणीत गाठ वाईट निघाली, पण अजून पसरलेली नाही. काढली तर वाचेल. इकोत हृदयाचं पंपिंग तीस टक्के. शहरातल्या दोन मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, टेबलावरून उठणार नाही.

मी इथे ये म्हटलं. साहेबांना रिपोर्ट दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, काढायचं काम सोपं आहे, जगवायचं काम तुमचं. आपल्याच माणसाला भूल देऊ नये, हे मला कळतं. पण दुसरं आहे कोण इथे? आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कोणाच्या हातात त्याला द्यायला माझं मन तयार नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार

दादा-वहिनी परवाच आले. दादाने आल्या आल्या गळका नळ दुरुस्त केला आणि कडीचे स्क्रू आवळले. छातीत गाठ घेऊन माणूस स्क्रू आवळतोय. वहिनी म्हणाली, ह्यांना मरणसुद्धा दुरुस्त करून हवं असतं. मग आम्ही तिघंही हसलो.

त्याची तयारी चांगली झाली आहे. हृदय शांत ठेवणारी गोळी चालू, स्टेंटसाठीची एक गोळी चालू ठेवली, दुसरी वेळेत बंद केली. औषधं सिरिंजमध्ये भरून, नावं चिकटवून होतील. मी सगळं दोनदा तपासलंय.

मास्तर आज पहिल्यांदा आपणहून माझ्याशी बोलायला आले. उद्या काहीही झालं तरी आधी बघ, असं म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी तेच परत सांगितलं, आणि घड्याळ बघून धावत खोलीत गेले.

६ फेब्रुवारी, मंगळवार

जगला. दादा जगला. पण झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सव्वानऊला तक्ता सुरू केला. अकरापर्यंत सगळं सुरळीत होतं. उजवं फुप्फुस मिटवलं, कुशीवर वळवलेला, तोंड हिरव्या कापडाखाली. अकरा वाजून सोळा मिनिटांनी ऑक्सिजन घसरायला लागला. नव्वद, शहाऐंशी, ब्याऐंशी. नाडी एकशे अठ्ठेचाळीस, दाब साठ. साहेबांना हात थांबवायला सांगितलं, फुप्फुस फुगवलं, औषधं दिली. करायचं ते सगळं केलं. मोठ्या सिस्टर शॉकचं मशीन आणायला पळाल्या. औषध लागू पडायला मिनिट लागतं, आणि त्या मिनिटात मला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

मी तक्ता ओढला आणि ११.२० च्या चौकोनात बहात्तर लिहिलं. घड्याळात ११.१८ झाले होते. का लिहिलं, माहीत नाही. उत्तर आधी लिहायची जुनी खोड. बहात्तर व्हावं, एवढंच वाटत होतं.

११.२० ला मॉनिटरवर बहात्तर.

एकशे अडतीस नाही, शंभर नाही, एकदम बहात्तर. दाब वर आला, ऑक्सिजन वर आला. औषध लागू पडलं, असं मी म्हटलं आणि रडायला लागले. मग आनंदाच्या भरात त्या तक्त्यातले सगळे चौकोन भरून टाकले. शेवटपर्यंत. बहात्तर, बहात्तर, बहात्तर. साहेबांनी गाठ काढली. दादाला जागं केलं, नळी काढली. डोळे उघडून म्हणाला, झालं का वकीलबाई?

तक्त्याचा शेवटचा चौकोन १.१० चा होता. १.१५ ला दादाचं हृदय थांबलं. काही कारण नाही, काही इशारा नाही. बोलता बोलता थांबलं. मी छाती दाबत होते, मोठ्या सिस्टर ओरडत होत्या, आणि तेवढ्यात मास्तर पायात एकच चप्पल घालून धावत आले. कोरा तक्ता माझ्यासमोर आपटला आणि माझ्या हातात पेन खुपसलं. लिही, म्हणाले. मी वेड्यासारखी बघत राहिले, तशी त्यांनी माझ्या कानाखाली मारली.

मी पहिल्या चौकोनात ७२ लिहिलं. दादाने श्वास घेतला.

८ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरांनी सगळं सांगितलं. ते सांगत असतानाही आम्ही दोघं आपापल्या तक्त्यात लिहीत होतो.

का होतं, त्यांनाही ठाऊक नाही. दुसऱ्या हॉस्पिटलांत त्यांनी शेकडो चौकोन आधी भरले, काही झालं नाही. या टेबलावर होतं. नऊ वर्षांपूर्वी काकूंचं हृदय असंच धावायला लागलं आणि त्यांनी न बघता लिहिलं. न बघता लिहिलं, की हृदय स्वतःचं गणित करणं सोडून देतं. पुढे ते फक्त आपलं बघून उतरवतं. आपण थांबलो, की थांबतं.

एका वेळी एकच तक्ता. तो संपल्याशिवाय पुढचा आधी भरून चालत नाही. म्हणजे चार तास. नऊ वर्षांत हा माणूस सलग चार तासांपेक्षा जास्त झोपलेला नाही, गावाबाहेर गेलेला नाही, आजारी पडलेला नाही. आणि हात तोच लागतो. दुसऱ्या कोणी लिहून उपयोग नाही. म्हणून ती पाटी, म्हणून सिस्टरांना ती शिस्त. खरं कारण कोणाला सांगणार? आधीच वेडा ठरवलंय.

मी विचारलं, सुटका कशी होते? ते म्हणाले, होत नाही.

१९ फेब्रुवारी

चार तासांचे गजर लावलेत, तीन मोबाइलवर मिळून. तक्ता खिशात असतो. थिएटरमध्ये पेशंटचा वेगळा आणि दादाचा वेगळा. दादा-वहिनीला मी इथेच राहवून घेतलंय, तब्येत सुधारेपर्यंत, असं सांगून. वहिनी खूश आहे. म्हणते, नणंदेकडे माहेरपण पहिल्यांदाच बघतेय.

जखम छान भरतेय. दादा उन्हात बसून काकूंशी गप्पा मारतो. आज त्याच्या मुलीला मुलगी झाली. फोनवर बाळाचं रडणं ऐकवलं. वहिनी नाचायची बाकी राहिली. दादा हसला, पण फोन ठेवल्यावर मला म्हणाला, छातीत काही हललंच नाही गं. घड्याळ बसवल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, गोळ्यांमुळे असेल.

मग मी आत जाऊन पुढच्या चौकोनात नव्वद लिहिलं. त्याला पाच मिनिटं तरी आनंद व्हावा म्हणून. बाहेर आले तर तो छाती धरून बसलेला, घाबरलेला. कारण नसताना धडधडतंय, म्हणाला. परत असं करणार नाही.

७ मार्च

वजन सहा किलो उतरलं. हात थरथरतो. सात आणि एक सारखे दिसायला लागले तर काय होईल, या भीतीने आकडे मोठे काढते.

काल दुपारी थिएटरमध्ये पेशंटचा दाब पडत होता आणि मी दादाच्या तक्त्यात लिहीत होते. मोठ्या सिस्टर ओरडल्या म्हणून तो पेशंट वाचला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, बाहेर त्याची दोन पोरं बसलेली. साहेबांनी मला आठवडाभर सुट्टी घ्यायला सांगितलं. कुठेतरी लांब जाऊन या, असं म्हणाले. लांब! मला हसूच आलं.

चार तास म्हणजे मोठं अंगण वाटलं होतं सुरुवातीला. आता भिंती दिसतात. बाजारात गेले तरी घड्याळ, आंघोळीला गेले तरी घड्याळ. मला ताप आला तर? मला गाडीने उडवलं तर? मी मेले, की तो मेला. त्याने मला वाढवलं आणि आता मला मरायचीही सोय नाही. हे लिहिताना स्वतःची लाज वाटते, पण वाटतं ते वाटतं.

१२ मार्च

मास्तर गेले. दुपारी बाराला, खुर्चीत बसल्या बसल्या. पेन हातात होतं. तक्ता ३.४० पर्यंत भरलेला.

काकूंना सांगायला मी गेले. त्या आल्या, मास्तरांच्या केसांवरून हात फिरवला. मी काकूंचं मनगट धरलं. बहात्तर. माणूस गेलाय आणि बहात्तर. त्या म्हणाल्या, बघ ना, रडतेय, पण आतून कोणी साथच देत नाही.

मी त्यांच्या समोर नवा तक्ता घेतला, त्यांचं नाव लिहिलं, पेन टेकवलं. काकूंनी माझा हात बाजूला केला. राहू दे, म्हणाल्या, तुझ्या हाताने नाही व्हायचं. मला उन्हात बसू दे.

व्हरांड्यात बसल्या. दादा त्यांच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. मटार सोलायला घेतले, हातांना काहीतरी हवं म्हणून. तीन तास दादाशी बोलत होत्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, मी मध्येच आत जाऊन तक्ता भरत होते. साडेतीनला परत आले तेव्हा दादा माझ्याकडे बघत होता. लहानपणी वही उलटीकडून तपासताना बघायचा, तसा.

३.४० ला मी त्यांचं ऐकलं नाही, काकूंसाठी ७२ लिहिलं. मोठ्ठं. दोनदा.

३.४५ ला त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मांडीवरचे मटार सगळे सांडले. मी कितीतरी वेळ ते वेचत होते.

१५ मार्च

दादाला सगळं कळलंय. काकूंनी सांगितलं. तो काही बोलत नाही. वहिनीला बाळाकडे पाठवून दिलं. मला विचारलंही नाही.

१६ मार्च

आज बोलला. एक चौकोन रिकामा सोडून बघ, म्हणाला. कदाचित हृदयाला परत आठवेल. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, वकीलबाई, केस माझी आहे. मी ओरडले. त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

१७ मार्च

गजर ऐकू आला नाही. चार मिनिटं— नाही, तीन. तो जमिनीवर, ओठ निळे. लिहिलं. उठला. मला म्हणाला, तू बसल्या बसल्या झोपली होतीस, मी बघत होतो. मला उठवलं का नाहीस, विचारलं.

म्हणाला, किती दिवसांनी झोपली होतीस.

१९ मार्च

दाराला कुलूप लावून झोपते. तक्ते उशीखाली. दादापासून दादाला लपवतेय. माझी उशी, मी बरोबर आणलेली—

बाहेर पडायला वाट नाही. त्याच्यासाठीही नाही, माझ्यासाठीही नाही. आम्ही दोघं एकाच चौकोनात.

२० मार्च, सकाळ

तक्ते सगळे बादलीत. भिजवले त्याने. लगदा. मी आंघोळीला गेले तेवढ्यात. स्टोअरमधलेही घेऊन आला होता, सगळा गठ्ठा. चालू तक्ता होता १०.३५ पर्यंत. स्वयंपाकघरात आले, कडी लावली. ही रोजनिशी ओट्यावर होती. ही मात्र विसरला. स्वतःच दिलेली.

१०.४० — ७२

बाहेर चालतोय. चालतंय. रोजनिशीवर चालतंय!

१०.४५, १०.५०, १०.५५ आधीच लिहून ठेवलं. बाहेर धप्प आवाज. परत लिहिलं, १०.४५ — ७२. उठला. इथे आधी लिहिलेलं चालत नाही. वेळ झाली, की मगच. घड्याळ बघायचं, मग लिहायचं. मास्तर, बघा, आता मी आधी बघते—

१०.५० — ७२

१०.५५ — ७२

दार वाजवतोय. हळू. रागावलेला नाही. म्हणतो, किती दिवस? मी म्हटलं, नऊ वर्षं तर सहज. म्हणतो, आणि थिएटरमधली माणसं? त्यांच्या पोरांचं काय?

११.०० — ७२

११.०५ — ७२

म्हणतो, गाठ काढलीस, नातीचा आवाज ऐकवलास, माझ्याशी भांडलीस, पुष्कळ झालं. म्हणतो, मला माझ्या छातीतलं परत दे. थोडं राहिलं असलं तरी माझं दे.

नाही देणार.

११.१० — ७२

कडीचा आवाज. स्क्रूचा. त्यानेच आवळले होते, त्यालाच ठाऊक कसे—

११.१५ — ७२

आत आलाय. स्टूल ओढून समोर बसलाय. ऊन आहे त्याच्या अंगावर. काय लिहितेस, विचारतो. रोजनिशी, म्हटलं. हसला. पहिलं पान वाच, म्हणतो. वाचलं. उशीपाशी परत हसला.

११.२० — ७२

माझं मनगट धरलंय. ओढत नाही, नुसतं धरलंय. बोटं गरम. नाडी मोजतोय माझी, ओट्यावरच्या घड्याळाकडे बघून, ओठ हलवत. मीच शिकवलं होतं त्याला.

एकशे चाळीस, म्हणतो. तुझं हृदय उपाशी आहे गं.

११.२५ — ७२

दादा नको. फक्त हा एक. मग बोलू. दोन बोटं पेनावर ठेवलीत. अलगद. माझ्यात जोर उरला नाही आणि त्याला ते कळलंय. उरलेलं उद्या, म्हणतो. दादा, उद्या नाहीये, हा एकच चौकोन, एकच—

११.३० — ७